भिंतीकाकू

१

गुरुवारी दुपारी आमचा दवाखाना बंद असतो. डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनं करायला मोठ्या हॉस्पिटलात जातात आणि मला अर्धा दिवस सुट्टी मिळते. मी कान तपासते. डॉक्टर नाही मी, पेशंटला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." सव्वीस वर्षं हेच वाक्य बोलतेय. झोपेतसुद्धा बोलत असेन.

गुरुवारी घरी लवकर गेलं की आईला वाटतं माझी नोकरी गेली. म्हणून मी दवाखान्यामागच्या गल्लीतल्या छोट्या संग्रहालयात जाऊन बसते. पूर्वी तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. आता तीन दालनं आहेत, पांढऱ्या भिंती आहेत, आणि मुख्य म्हणजे शांतता आहे. डबा खायला परवानगी नाही, पण पहारेकरी ओळखीचा झाल्यावर आतल्या दालनाच्या बाकावर मी डबा उघडला की तो दुसरीकडे बघतो.

त्या महिन्यात रस्त्यावरच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. पत्र्याची शटरं, वीज मंडळाच्या पेटीचं दार, पुलाखालच्या खांबाचा फोटो. आणि आतल्या दालनात मधोमध एक अख्खी भिंत. इमारत पाडताना तेवढा तुकडा कापून, लोखंडी चौकटीत बसवून आणला होता. माणसापेक्षा हातभर उंच, आठ-नऊ फूट रुंद, आणि चार लोखंडी पायांवर जमिनीपासून वीतभर वर उभा. एका बाजूला चौकट खांबाला टेकलेली, त्यामुळे वळसा घालायचा तर दुसऱ्याच बाजूने. समोरून निळ्या रंगात पोहण्याच्या चड्डीतला एक माणूस, हात जोडून, डोकं खाली घालून उडी मारण्याच्या बेतात. काढणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते.

मी फोटो काढत नाही. गर्दी टळावी म्हणून मी मागच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले, डबा उघडला आणि वर पाहिलं.

समोर आमचं स्वयंपाकघर होतं.

कमरेपर्यंत पोपटी ऑइलपेंट, त्यावर चुना. ओट्याची कापलेली रेघ. फळीच्या खिळ्यांची चार भोकं, त्यातलं एक वाकडं, कारण तो खिळा बाबांनी ठोकला होता. आणि खांद्याच्या उंचीवर, रंग उडून पडलेला वाटाण्याएवढा खळगा.

घास तोंडात तसाच राहिला.

२

हिशेब लागायला वेळ लागला नाही. आमची इमारत म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन इमारती होत्या. पलीकडची आधी पाडली. आम्ही जागा सोडल्यावर आमची वर्ष-दीड वर्ष नुसतीच उभी होती. तेव्हा ही मधली भिंत उघडी पडली असणार, आणि कुणीतरी शिडी लावून तिच्यावर हा बुडी मारणारा काढला असणार. ज्या बाजूला काढला, ती बाजू आमची नव्हती. आमची बाजू चित्राच्या पाठीला चिकटून फुकटात आली होती.

त्यानंतरच्या गुरुवारी मी पुन्हा गेले. का, ते सांगता येणार नाही. जुन्या घराची ओढ म्हणावं तर ते घर मला कधी आवडलंच नव्हतं.

बाकावर बसून पाचेक मिनिटं झाली असतील. पहारेकऱ्याचे बूट करकरत आले. साठीकडे झुकलेला, सडपातळ, मिश्या नीट कातरलेल्या. माझ्याशी नेहमी आदबीनं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी जरा अवघडलेला दिसला.

"मॅडम, एक विनंती होती. वाजवू नका."

"काय वाजवू नका?"

"भिंत. हात लावायचीसुद्धा परवानगी नाही हिला. प्लास्टर सुटतं."

"अहो, मी बाकावर बसलेय. भिंत कुठे, मी कुठे?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या चमच्याकडे. भिंतीत आणि माझ्यात आठ पावलांचं तरी अंतर होतं.

"मग डब्यावर वाजलं असेल चमच्यानं," तो म्हणाला. "मला वाटलं, ठोकताय. तीनदा. मग थांबून परत तीनदा."

"मला नाही काही ऐकू आलं."

"राहू दे, माझेच कान वाजत असतील," तो हसून म्हणाला आणि गेला.

मी डबा बंद केला. अर्धा भरलेला. डब्याचं झाकण लावताना आवाज होऊ नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

३

त्या भिंतीपलीकडे एक बाई राहायची. एकटी. तिला आम्ही भिंतीकाकू म्हणायचो, कारण तिचा आमचा संबंध तेवढाच होता. तिचा जिना वेगळा, फाटक वेगळं, रस्तासुद्धा वेगळा. तिच्याकडे जायचं तर आमचे तीन मजले उतरायचे, गल्लीतून बाहेर पडायचं, गोदामांना वळसा घालायचा आणि तिचे तीन मजले चढायचे. हाकेच्या अंतरावर असून दहा-बारा मिनिटांची पायपीट.

आई आणि तिची ओळख बाजारात झाली. बोलता बोलता दोघींना कळलं की आपल्या चुली एकाच भिंतीला टेकलेल्या आहेत. काकूला माणूस नव्हतं. एकदा न्हाणीघरात घसरून पडली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर आईनं खूण ठरवून दिली. सकाळी उठल्यावर काकूनं भिंतीवर दोनदा ठोकायचं: उठले, बरी आहे. तीनदा ठोकलं तर: ये. आणि आम्ही कधीही दोनदा ठोकलं की त्याचा अर्थ: ऐकलं.

आई लाटण्याच्या टोकानं ठोकायची. तो खळगा त्याचाच.

आठ-नऊ वर्षं हे चाललं. सकाळी सात वाजता टकटक, इकडून टकटक. बाबा म्हणायचे, तुमच्या दोघींचा हा बिनपैशाचा टेलिफोन. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस काकू रोज दोनदा ठोकून झाल्यावर थोड्या वेळानं पुन्हा एकदा हलकेच ठोकायची. त्या एकाचा अर्थ काय, हे आईनं कधी विचारलं नाही. तिला कळत असावं.

मग काकू गेली. आई तेव्हा मामाकडे होती. ती परतली रविवारी, आणि सोमवारी काकूच्या जिन्यावरच्या लोकांनी दार फोडलं. काकू स्वयंपाकघरात भिंतीशी पडलेली होती. आईनं मला विचारलं, "तिनं ठोकलं नाही का गं?"

मी म्हटलं, "नाही."

४

पहारेकरी बुधवारी सकाळी दवाखान्यात आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी इथे काम करते हे त्याला माहीत नव्हतं. मला बघून त्याला हायसं वाटलं.

"मॅडम, जरा नीट तपासा. नोकरीचा प्रश्न आहे. साहेबांना सांगितलं तर म्हणतील, ह्याला भास होतात, ह्याला घरी बसवा."

"काय ऐकू येतं?"

"तेच. ठोकणं. रोज. दालनात कुणी नसलं की जास्त."

मी त्याला खोलीत बसवलं. आमची तपासणीची खोली म्हणजे जाड दाराचं, आतून स्पंजनं मढवलेलं एक कपाटच. पेशंट आत, मी काचेबाहेर यंत्रापाशी. मी सूर पाठवायचा; त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो आणि माझ्यासमोरचा हिरवा दिवा लागतो. साधा मामला.

त्याचे कान उत्तम निघाले. त्या वयात इतके चांगले कान मी फार कमी पाहिलेत.

मधेमधे मी मुद्दाम काहीच पाठवत नाही. काही लोक अंदाजानं बटण दाबत राहतात. ते ओळखायची ही रीत. मी सूर बंद ठेवला आणि दहा आकडे मोजायला लागले.

चार म्हटलं आणि दिवा लागला. एकदा, दोनदा, तीनदा. सारख्या अंतरानं. मग थांबला. मग पुन्हा तीनदा.

काचेतून पाहिलं तर तो डोळे मिटून बसला होता, मन लावून परीक्षा देणाऱ्या मुलासारखा.

मी यंत्राची वायर तपासली. बटण बदललं. पुन्हा काही न पाठवता थांबले. पुन्हा तीन. मी दार उघडलं तेव्हा माझा आवाज नेहमीसारखाच होता. तेवढी सवय आहे.

"आत्ता जे ऐकलंत ते कुठल्या कानात?"

"कानात नाही," तो म्हणाला. "पाठीमागून. भिंतीत. जरा खालून."

त्याच्या पाठीमागे स्पंज होता, स्पंजामागे लाकूड आणि लाकडामागे आमची औषधांची खोली, जिची किल्ली माझ्या कमरेला होती.

"आलं का बरोबर?" त्यानं विचारलं.

"अगदी बरोबर. कानांत काही दोष नाही," मी म्हटलं. त्याच्या कागदावर मी तेच लिहिलं आणि खाली सही केली.

५

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आवाज म्हणजे हवेचं हलणं, आणि हवा हलली की मोजता येते. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र पर्समध्ये घालून नेलं. लोखंडी चौकट दिव्यांनी तापते, तापून टकटकते. कारखान्याचे जुने नळ असतील जमिनीखाली. कारणं मी वाटेतच जमवून ठेवली होती.

दालनात आम्ही दोघंच. यंत्र बाकावर ठेवलं. एकतीस डेसिबल. निवांत खोलीचा आकडा.

"आलं की बोट वर करा," मी पहारेकऱ्याला सांगितलं.

तो भिंतीपासून दूर, दाराशी उभा राहिला. मी आकड्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यानं बोट वर केलं. तीनदा. आकडा एकतीसच.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. यंत्राला जे ऐकू येत नाही ते माणसाच्या डोक्यात असतं, हे मी रोज लोकांना समजावून सांगते.

"पहिल्या आठवड्यात इथे होतं," तो जवळ येऊन म्हणाला आणि खळग्याच्या उंचीवर हात धरला. "मग असं, कमरेशी. आता..." तो वाकला आणि चौकटीच्या खालच्या कडेकडे बोट केलं. त्याच्याही खाली, जिथे भिंत संपून नुसती हवा होती, तिथे. "आता इथून येतं. पण इथे तर काहीच नाही. हेच मला समजत नाही, मॅडम."

मला समजत होतं.

आई मामाकडे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, काकूनं तीनदा ठोकलं. मी साडी नेसत होते. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती आणि उशीर झाला की आमचे जुने डॉक्टर सगळ्यांसमोर बोलायचे. शिवाय त्याच महिन्यात एकदा काकूनं तीनदा ठोकलं म्हणून मी धावत गेले होते, तर तिला बाटलीचं झाकण उघडून हवं होतं. मी लाटणं घेतलं आणि दोनदा ठोकलं. ऐकलं. संध्याकाळी जाऊ म्हटलं. संध्याकाळी पाय दुखत होते.

मंगळवारी तीनदा आलं. मी दोनदा ठोकलं. आवाज कमरेच्या उंचीवरून आला होता. कान तपासणाऱ्या बाईला तेवढं कळतं. मला वाटलं, बसून ठोकत असेल. बुधवारी त्याहून खालून. मग अगदी जमिनीलगत, मऊसा, बोटांच्या पेरांनी ठोकल्यासारखा. दर वेळी मी उत्तर दिलं. उत्तर दिलं की ती थांबायची, म्हणून दिलं. तिला वाटत असणार, पोरगी निघाली, येतेच आहे.

गुरुवारी दुपारनंतर काही आलं नाही. मला सुटल्यासारखं झालं होतं, हेही सांगून टाकते.

मी वाकलेल्या पहारेकऱ्याकडे बघत होते. त्यानं तोंड वर केलं आणि त्याचं बोट पुन्हा उचललं गेलं. आणि ह्या वेळी मलाही ऐकू आलं.

यंत्रावर एकतीस.

६

आईला मी काहीच सांगणार नव्हते. पण माझी पर्स ती दर शुक्रवारी उपसते, जुन्या पावत्या फेकायला. प्रदर्शनाची घडीपत्रिका तिच्या हाती लागली. त्यात बुडी मारणाऱ्याचा फोटो आणि खाली इमारत कुठल्या रस्त्यावर होती ते लिहिलेलं.

"ही आपली इमारत की गं!"

"हो."

"मग आपलं स्वयंपाकघर कुठंय?"

"ह्याच्या पाठीमागे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

आई एक्याऐंशी वर्षांची. दोन्ही कानांत यंत्रं, मीच बसवलेली. तीही आताशा पुरत नाहीत. तोंडासमोर जाऊन ओरडावं लागतं. पण पाय शाबूत होते आणि हट्टही. पुढच्या गुरुवारी मी तिला घेऊन गेले. नेलं नसतं तर ती एकटी गेली असती.

भिंतीसमोर ती जाऊन उभी राहिली. मग खुदकन हसली.

"हा पोपटी मीच निवडला होता. तुझे बाबा म्हणाले, स्वयंपाकघर आहे की दवाखाना! तीन महिने टोमणे मारत होते."

पहारेकरी दाराशी होता. आईनं हात पुढे केला तसं त्यानं मान वळवली, माझ्या डब्यासाठी वळवायचा तशी. तिची बोटं रंगावरून फिरत गेली, फळीच्या भोकांवरून, वाकड्या खिळ्याच्या भोकावरून, आणि खळग्यात जाऊन थांबली.

"बिचारी," ती म्हणाली. बहिऱ्या माणसांसारखी मोठ्यानं, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी. "शेवटी एकदाही ठोकता आलं नाही तिला. एकदा जरी ठोकलं असतं तरी तू गेलीच असतीस."

तेवढ्यात ते आलं. खालून. तीन. पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी आईला बाकावर बसवलं. म्हटलं, "आई, तिनं ठोकलं होतं."

"काय?"

"ठोकलं होतं तिनं!"

"कुणी?"

असली गोष्ट माणूस खालच्या आवाजात सांगतो. मला ती ओरडून सांगावी लागली, एकेक वाक्य दोनदोनदा, आणि रिकाम्या दालनात माझाच आवाज फिरून माझ्याकडे येत होता. चार दिवस ठोकत होती. मी उत्तर देत होते. मी गेले नाही. पहारेकरी हळूच बाहेरच्या दालनात निघून गेला. माणूस भला होता.

आईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, रागावलीही नाही. फक्त माझ्या हातावरचा तिचा हात तिनं काढून घेतला.

"म्हणजे ती वाट बघत होती," ती म्हणाली.

मी मान हलवली.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"कुठे निघालीस?"

"पलीकडे."

"पलीकडे नुसतं चित्र आहे, आई."

"असू दे."

"चोवीस वर्षं झाली!"

"म्हणून जायचं नाही?"

तिनं कानातली दोन्ही यंत्रं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "धर. शिट्टी मारतात मेली," ती म्हणाली. "तू बस इथेच. तुझ्यानं व्हायचं नाही."

७

चौकटीच्या कडेला हात लावत लावत ती वळली आणि दिसेनाशी झाली. चपलांचा आवाज येत राहिला. चार पावलं, पाच, सहा. थांबला.

मी बाकावरून उठले नव्हते. भिंतीखालच्या वीतभर फटीतून पलीकडची जमीन दिसत होती, आणि तिच्यावर आईची दोन पावलं. भिंतीकडे तोंड करून ती उभी होती.

मग तिचं बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. ती हळू बोलत होती, हेच मला आधी विचित्र वाटलं. कित्येक वर्षांत आई हळू बोललेली नव्हती. मधेच थांबत होती, समोरचं माणूस काही सांगत असताना थांबावं तशी. मग "हो, हो" म्हणाल्यासारखी. मग पुन्हा.

मी उठून भिंतीपाशी गेले, जमिनीवर गुडघे टेकले आणि वाकून पाहिलं.

आईची पावलं तशीच होती, जोडलेली. पावलांच्या आणि भिंतीच्या मधे, जमिनीवर, एक हात पालथा पडलेला होता. मनगटापर्यंतच दिसत होता. कातडी सुकलेली, नखं पिवळट. आईच्या बोटात अंगठी असते. ह्या बोटांत काही नव्हतं. त्या हाताखालची फरशीही दालनाची नव्हती. दालनाची जमीन राखाडी सिमेंटची आहे. ती फरशी तांबडी होती.

बोटं आत वळली, मूठ झाली.

मी डोळे मिटून घेतले. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. कापडाचं काहीतरी भरलेलं बोचकं खाली ठेवावं तसा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. मग ठोकणं. जमिनीलगत. तीन.

मी हलले नाही.

पुन्हा तीन. ह्या वेळी जरा घाईनं.

माझ्या मुठीत आईची यंत्रं शिट्टी मारायला लागली. मुठीत धरली की मारतातच, आतला आवाज आतच घुमतो म्हणून. बारीक, लांबलचक शिट्टी. ती मला ऐकू येत होती, ती का येते हेही मला ठाऊक होतं, आणि ती बंद करायला मूठ उघडणं पुरेसं होतं. मला मूठ उघडता येईना.

पुन्हा तीन. मऊसे. बोटांच्या पेरांनी ठोकल्यासारखे.

शपथेवर सांगते, आईचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे थांबलं पाहिजे. आणि ते कशानं थांबतं, हे मला माहीत होतं.

मी उजवा हात वर केला आणि भिंतीवर दोनदा ठोकलं.

थांबलं.

किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. बाहेरच्या दालनातून बूट करकरत आले, आधी चालत, मग धावत, आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. "आजी!" पहारेकरी ओरडला. "अहो आजी! मॅडम, लवकर या! मॅडम!"

८

आई त्यानंतर नऊ दिवस होती. वाचा गेली होती आणि उजवं अंग गेलं होतं. दादा आला, वहिनी आली, सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. आई डोळे उघडायची, दादाकडे बघायची, वहिनीकडे बघायची. मी समोर गेले की मिटायची. नर्स म्हणाली, थकतात हो, उजेड सहन होत नाही. भिंत संग्रहालयात आणखी किती दिवस होती, तिचं पुढे काय झालं, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते पहिल्या संध्याकाळचं.

पहारेकरी अँब्युलन्समध्ये आमच्याबरोबर आला होता. धावपळीत आईच्या पायातून चपला निसटल्या होत्या, त्या उचलून तो हातात घेऊन आला होता आणि इमर्जन्सीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसला होता.

एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आली. केव्हा पडल्या, कशा पडल्या, शुद्धीत होत्या का, हे विचारून झालं. मग म्हणाली, "पडल्यानंतर हाक मारली का त्यांनी? काही हालचाल, काही आवाज? किती वेळ तशा पडून होत्या, ते नक्की कळलं तर बरं. तुम्ही तिथेच होतात ना?"

"हो," मी म्हटलं. "मी तिथेच होते."

"मग?"

"धप्पकन आवाज आला, आणि मी लगेच गेले."

तिनं तसं लिहून घेतलं. लिहिताना तिचं पेन कागदावर वाजत होतं आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले. शेजारी पहारेकरी खाली मान घालून बसला होता. त्याचे कान किती चांगले आहेत, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते मीच माझ्या सहीनिशी लिहून दिलेलं होतं.

डॉक्टरीण आत गेली. दार बंद झालं.

तो उठला, खाली वाकला आणि आईच्या चपला माझ्या पायांपाशी नीट जोडून ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता चालू लागला. त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये त्याचे बूट कितीतरी वेळ करकरत होते.